अवघड स्पीकर आणि ताकदवान अ‍ॅम्प: वॅट बघायचे की करंट?

खर्ज (धागाकर्ता)

"स्पीकर अवघड आहेत, अ‍ॅम्प कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: शंभर वॅटचा घ्या, पुरून उरेल. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा. (अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर: स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र.)

वॅटचा आकडा बहुतेक वेळा ८ ओहमच्या रेझिस्टरवर मोजलेला असतो (ओहम हे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप). रेझिस्टर २० हर्ट्झला ८ ओहम आणि २०,००० हर्ट्झलाही ८ ओहमच. स्पीकरचं तसं नसतं, त्याचा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो. माझ्या स्पीकरवर '४ ओहम' छापलंय. त्याचा आलेख बघा: शंभर हर्ट्झच्या आसपास २.६ ओहमपर्यंत खाली, वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या) अनुनादाशी वीसच्या वर, क्रॉसओव्हरपाशी (जिथे आवाज वूफरकडून वरच्या सुरांच्या भागाकडे जातो) पुन्हा घसरण. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेचं मानक म्हणतं की छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली इम्पीडन्स जाता कामा नये, म्हणजे ४ ओहमवाल्याने ३.२ च्या वरच राहायला हवं. हा नियम धाब्यावर बसवणारे स्पीकर बाजारात कमी नाहीत.

अशा स्पीकरला करंट लागतो. तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून येतो, भरभक्कम कपॅसिटरमधून येतो, आउटपुटला पुरेसे ट्रान्झिस्टर असले तर येतो. तेव्हा अ‍ॅम्प बघताना एकच प्रश्न विचारा: ८ ओहमला १०० वॅट देणारा हा गडी ४ ओहमला किती देतो? २०० च्या आसपास गेला तर पॉवर सप्लाय दमदार. १२० ला थांबला तर घोडं तिथेच पेंड खातंय, समजून जा. आणि झेपेल तेवढा मोठा घ्या. मोठ्या अ‍ॅम्पवर कमी आवाजातसुद्धा खर्जाला जी पकड येते, ती लहान अ‍ॅम्पवर येत नाही.

मोजपट्टी

निदान बरोबर, औषधाशी असहमत. "झेपेल तेवढा मोठा" हे उत्तर "शंभर वॅटचा घ्या" इतकंच मोघम आहे.

तुमचाच स्पीकर घेऊन गणित मांडतो. समजा संवेदनशीलता (ठराविक व्होल्टेजला किती आवाज निघतो ते) ८४ डेसिबल आहे, २.८३ व्होल्टला, १ मीटरवर. (४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, १ नाही. म्हणजे एका वॅटला हा स्पीकर ८१ डेसिबलच देतो. कॅटलॉगमधली ही जागा नीट वाचायची सवय लावून घ्यावी.) तुम्ही ३ मीटरवर बसता. सरासरी ८० डेसिबलने ऐकता, जे घरात चांगलंच जोरात असतं, आणि कमी दाबलेल्या रेकॉर्डिंगमधली टोकं (क्षणभराचे सर्वांत मोठे आवाज) सरासरीच्या २० डेसिबल वर जातात असं धरू. म्हणजे कानाशी १०० डेसिबल हवेत.

३ मीटर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात. भिंतींमुळे साधारण ३ परत मिळतात, दोन स्पीकर असल्यामुळे आणखी ३. उरलं काय, तर एका स्पीकरने १ मीटरवर १०३.५ डेसिबल द्यायचे. ८४ च्या वर साडेएकोणीस. व्होल्टेज साधारण साडेनऊ पट, म्हणजे २६.७ व्होल्ट. ८ ओहमच्या हिशेबात ८९ वॅट, ४ ओहमच्या हिशेबात १७८. लाटेच्या शिखराला त्याच्या १.४ पट, म्हणजे ३७.८ व्होल्ट, आणि तेव्हा इम्पीडन्स २.६ असेल तर साडेचौदा अँपिअर.

आता बघा. ४ ओहमला खरोखर २०० वॅट आणि १५ अँपिअर देणारा कुठलाही अ‍ॅम्प हे काम करतो. त्याच्या जागी ५०० वॅटचं धूड आणलं तर मिळतात जास्तीचे ४ डेसिबल, ते तुम्ही वापरणारच नाही. सरासरी आवाजाला तर या "अवघड" स्पीकरलासुद्धा २ वॅट पुरतात. कमी आवाजातली ती 'पकड' कुठून येते, हे मला गणितात तरी सापडत नाही.

खर्ज

गणित सुरेख आहे, पण त्यात फेज कुठे आहे?

स्पीकरमध्ये कॉइल आहेत, कपॅसिटर आहेत. व्होल्टेज आणि करंट एकत्र चालत नाहीत, त्यांच्या मागेपुढे असण्याचं माप म्हणजे फेज अँगल. फेज अँगल ४५ अंशांचा असला तर व्होल्टेज शून्यापाशी असताना करंट जवळजवळ ७० टक्के वाहत असतो. त्या क्षणी ट्रान्झिस्टरवर सप्लायचं सगळं व्होल्टेज पडलेलं असतं आणि करंटही भरपूर, म्हणजे सगळी उष्णता त्याच्याच डोक्यावर. याचा हिशेब मांडलेला आहे, एका समतुल्य रोधाच्या रूपात. ४ ओहम आणि ४५ अंश अशी जोडी असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टरला ती १.४ ओहमच्या रेझिस्टरइतकी जड जाते. छापील ४, आलेखावर ४, आणि आत १.४!

फिनलंडचे अभियंते मात्ती ओताला आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ मध्ये बाजारातले स्पीकर तपासून दाखवलं होतं की टोकाचा करंट ८ ओहमच्या रेझिस्टरच्या साडेसहा पटींपर्यंत जाऊ शकतो. हे माहीत असताना मी "नेमका २०० वॅटचा" अ‍ॅम्प का घेऊ? काठावर कशाला उभं राहायचं?

मोजपट्टी

तो निबंध महत्त्वाचा आहेच. पण त्यातले सिग्नल मुद्दाम रचलेले होते. प्रत्येक स्पीकरची सर्वांत वाईट बाजू वर यावी अशाच पल्स दिल्या होत्या. संगीतात तशी अवस्था नेमकी टोकाच्या क्षणी, नेमक्या त्या फ्रीक्वेन्सीला येणं फार विरळा. आणि १.४ ओहमचा तो हिशेब उष्णतेचा आहे, करंटचा नाही. करंट ४ ओहमचाच राहतो. हे दोन वेगळे धोके आहेत: एकात ट्रान्झिस्टर तापतो, दुसऱ्यात सप्लाय आटतो. दोन्हींना तुमचं उत्तर एकच, "मोठा घ्या".

निर्वातनळी

दोघेही 'अवघड' म्हणजे 'कमी ओहम' असं धरून चाललाय. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आठवा. संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल, म्हणजे आळशी. पण इम्पीडन्स १५ ओहम, नंतरच्या आवृत्तीत ११. तो करंट जवळजवळ मागतच नाही, त्याला व्होल्टेज हवं. म्हणून व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वातनळ्यांच्या) अ‍ॅम्पवर तो वर्षानुवर्षं आनंदाने वाजतोय. उलट मॅग्नेपॅन कंपनीचे पडद्यासारखे स्पीकर ४ ओहमचे, संवेदनशीलता कमी, पण त्यांचा भार जवळपास शुद्ध रेझिस्टरचा. फेजचा त्रास नगण्य. नुसती ताकद दिली की झालं.

तिसरी जात खरी छळणारी: इम्पीडन्स फारच खाली आणि संवेदनशीलताही कमी. ऐंशीच्या दशकातला अपोजी सिंटिला हा १ ओहमचा रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा) स्पीकर त्या वंशातला. त्याच्या मालकांना क्रेल कंपनीच्या वगैरे अवजड अ‍ॅम्पशिवाय गत्यंतरच नव्हतं. पण किती जणांच्या घरात सिंटिला आहे? सगळ्यांना एकच काढा का पाजताय?

आणि व्हॉल्व्हचे वॅट कमी असले तरी त्यांचं क्लिपिंग (ताकद संपल्यावर लाटेची टोकं छाटली जाणं) हळुवार असतं. मर्यादा ओलांडली तरी कानाला टोचत नाही. माझ्या ८ ओहमच्या, बऱ्यापैकी सपाट इम्पीडन्सच्या स्पीकरवर ३५ वॅटचा अ‍ॅम्प आहे. पखवाजाची थाप पोटात जाणवते. मला आणखी काही नको.

जुना_सर्किटवाला

निर्वातनळी, तुमच्या स्पीकरचं इम्पीडन्स सपाट आहे म्हणून तुमचं भागतंय. तोच अ‍ॅम्प खर्ज यांच्या डब्याला लावून बघा. फीडबॅक (आउटपुट मागे नेऊन चूक सुधारण्याची सोय) कमी असलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा आतला अडथळा) २ ओहम सहज असतं. स्पीकर ३ ओहमवर असेल तेव्हा पाचातले तीनच भाग स्पीकरला मिळतात, २० ओहमवर असेल तेव्हा बावीसातले वीस. दोन्हींत साडेतीन डेसिबलहून जास्त फरक पडतो. खर्ज एका ठिकाणी फुगतो, दुसरीकडे पोकळी. ते ऐकायला गोड लागू शकतं, त्याबद्दल भांडण नाही. पण तो आवाज स्पीकर बनवणाऱ्याने ठरवलेला नाही, अ‍ॅम्पने ठरवलेला आहे.

आता खर्ज यांच्या 'पकडी'बद्दल. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचं इम्पीडन्स भागिले आउटपुट इम्पीडन्स) ५०० असल्याच्या जाहिराती निघतात. वूफरच्या हालचालीला जो लगाम बसतो, त्याच्या वाटेत व्हॉइस कॉइलचा (वूफर हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) स्वतःचा रोध उभा असतो. ८ ओहमच्या वूफरला साधारण ६ ओहम, ४ च्या वूफरला तीनच्या पुढे. त्यात तार आणि क्रॉसओव्हरची कॉइल मिळवा. अ‍ॅम्पचा ०.०२ ओहम असो की ०.१, एकूण बेरजेत काय हलतं? जवळजवळ काहीच नाही. पकड येत असेल तर तिचं कारण दुसरीकडे शोधा. बहुतेक वेळा ते आवाजाच्या पातळीत सापडतं. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा अ‍ॅम्प 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो.

आणि मोठा अ‍ॅम्प नेहमीच निरुपद्रवी असतो असंही नाही. १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घ्या, उच्च विद्युतदाबाने पातळ पडदा हलवणारा. वरच्या टोकाला इम्पीडन्स २ ओहमच्या आसपास येतं, म्हणजे कागदावर 'अवघड'. त्याला धूड जोडलं आणि ३३ व्होल्टच्या वर टोक गेलं की पॅनेलमध्ये ठिणगी पडते. पॅनेल गेलं. त्या स्पीकरला कमी ओहमवर न डगमगणारा अ‍ॅम्प हवा, पण व्होल्टेजला आवर असलेला. "झेपेल तेवढा मोठा" हा सल्ला ऐकून कुणी त्याची माती केली तर?

शांत_कान

मूळ प्रश्नच उलटा विचारला जातोय असं मला वाटतं. २.६ ओहमपर्यंत घसरणारा स्पीकर 'अवघड' म्हणून मिरवतो, पण ती रचनेतली उणीव आहे. दोन वूफर समांतर जोडून कॅटलॉगमध्ये संवेदनशीलता जास्त दाखवायची आणि किंमत अ‍ॅम्पकडून वसूल करायची. क्रॉसओव्हर नीट केला तर ही खाई बरीचशी टाळता येते.

शिवाय खुर्ची ३ मीटरवरून २ मीटरवर आणा. मोकळ्या जागेत साडेतीन डेसिबल वाढतात, खोलीत त्याहून कमी. दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प घेऊन ३ डेसिबलच मिळतात! हे कुणी सांगत नाही, कारण खुर्ची सरकवण्यात मिरवण्यासारखं काही नाही.

खर्ज

शांत_कान, सपाट इम्पीडन्सच्या हट्टापायी रचनाकाराने दुसरीकडे तडजोड करायची का? लहान डब्यातून खोल खर्ज हवा तर संवेदनशीलता सोडावीच लागते. डब्याचा आकार, खर्जाची खोली आणि संवेदनशीलता या तिन्हींपैकी दोनच मिळतात. ज्याने विचारपूर्वक खोली निवडली, त्याच्या स्पीकरला 'उणीव' म्हणणं अन्याय आहे.

आणि जुना_सर्किटवाला, क्वाडचा मुद्दा मान्य, तो अपवाद आहे आणि सांगायलाच हवा. पण दुसरी बाजूही सांगा ना. लहान अ‍ॅम्प क्लिप झाला की त्याची सरासरी ताकद वाढते. पूर्ण चौकोनी लाट झाली तर छापील वॅटच्या दुपटीपर्यंत. टोकं छाटली गेली तरी वरच्या पट्टीतला भाग वाढतच राहतो आणि तो थेट ट्वीटरमध्ये (वरचे सूर वाजवणाऱ्या भागात) जातो. ट्वीटर जळतात ते यामुळे. क्लिप न होणारा मोठा अ‍ॅम्प इथे जास्त सुरक्षित आहे.

जुना_सर्किटवाला

सुरक्षित आहे, ऐकणारा नॉब तिथेच थांबवणार असेल तर. ट्वीटर उष्णतेने जळतो, ती क्लिपिंगमधून आली की स्वच्छ सिग्नलमधून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नॉब चढवतच राहणाऱ्याच्या हातात मोठा अ‍ॅम्प दिला तर ट्वीटरच्या जोडीला वूफरही जाईल.

नवश्रोता

चर्चा वाचून डोकं गरगरलं, पण माझा प्रश्न अगदी याच वळणाचा आहे. माझ्याकडे मल्टिचॅनल रिसीव्हर (होम थिएटरचा, अनेक स्पीकर चालवणारा) आहे, त्यावर '१२० वॅट' लिहिलंय. स्पीकर ४ ओहमचे, किमान ३ ओहम. जोरात लावलं की मोठ्या वाद्यवृंदाच्या ऐन भरात रिसीव्हर बंद पडतो. मागे '४ ओहम' असं एक सेटिंग आहे, ते करू का? शिवाय एक मित्र दोन स्टिरिओ अ‍ॅम्प देतोय. म्हणाला, ब्रिज कर, चौपट ताकद मिळेल.

मोजपट्टी

ब्रिज अजिबात करू नका. ब्रिजमध्ये अ‍ॅम्पच्या दोन बाजू स्पीकरला दोन्हीकडून ओढतात, त्यामुळे प्रत्येक बाजूला तुमचा ४ ओहमचा स्पीकर २ ओहमचा दिसतो. किमान ३ असेल तिथे दीड. कमी इम्पीडन्सच्या स्पीकरसाठी याहून वाईट जोडणी नाही. 'चौपट' हे फक्त कागदावर, जेव्हा सप्लाय तेवढा करंट देतो तेव्हा. एलएस३/५ए सारख्या १५ ओहमच्या, व्होल्टेज मागणाऱ्या स्पीकरला ब्रिज शोभतो.

रिसीव्हरवरचे १२० वॅट किती चॅनल चालू असताना, किती ओहमवर आणि किती विकृतीला (डिस्टॉर्शनला), ते मॅन्युअलमध्ये बघा. एकच चॅनल, ६ ओहम, १० टक्के विकृती असं बारीक अक्षरात सापडलं तर नवल नाही. '४ ओहम' सेटिंगने बहुतेक रिसीव्हर आतलं सप्लाय व्होल्टेज खाली आणतात किंवा करंटला मर्यादा घालतात. यंत्र कमी तापतं, पण ताकद घटते. तुम्हाला हवंय त्याच्या नेमकं उलट.

आधी मोजा. १२० हर्ट्झची, उणे १२ डेसिबलवर रेकॉर्ड केलेली साइन लाट घ्या. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'लार्ज' करा (म्हणजे खर्ज कापला जाणार नाही), बास-ट्रेबल सपाट ठेवा. नेहमीची चकती लावून, तुम्ही कमाल जिथवर नॉब नेता तिथे नेऊन ठेवा. बंद करून स्पीकरच्या तारा काढा, लाट वाजवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्या चॅनलच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा. येईल त्याला ४ ने गुणा, कारण १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजची चौपट. तो तुमच्या गरजेचा कमाल आकडा.

जुना_सर्किटवाला

वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर तारा काढून ही चाचणी करू नका. भाराशिवाय सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तिथे स्पीकरऐवजी डमी रेझिस्टर लावा.

नवश्रोता

मोजलं. साडेपाच व्होल्ट आले. चौपट म्हणजे २२. वर्ग करून ४ ने भागलं तर १२१ वॅट. टोकाला ३१ व्होल्ट, ३ ओहमने भागून साधारण साडेदहा अँपिअर. बरोबर?

मोजपट्टी

अगदी बरोबर. ४ ओहमला दोन्ही चॅनल चालू असताना १५० वॅट देणारा, ३ ओहमवर न बिथरणारा साधा स्टिरिओ अ‍ॅम्प. क्लास डी (आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून चालणारा) असला तरी हरकत नाही, फक्त चांगल्या फीडबॅकचा असावा. जुन्या क्लास डीचा वरचा आवाज स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे बदलायचा, नव्या मॉड्यूलमध्ये हे राहिलेलं नाही. रिसीव्हरला प्रीआउट (बाहेरच्या यंत्राला सिग्नल देणाऱ्या जोडण्या) असतील तर तो तसाच ठेवून पुढचे दोन स्पीकर या अ‍ॅम्पला द्या.

खर्ज

१२१ ची गरज आणि १५० चा अ‍ॅम्प, म्हणजे एक डेसिबलची सवड. मी हे कुणालाही सुचवणार नाही. आज जी चकती लावून मोजलं त्याहून हळू रेकॉर्ड केलेली उद्या येईल आणि नॉब पुढे जाईल. उन्हाळ्यात हीटसिंक आधीच तापलेला असेल. वीजदाब खाली असेल. नवश्रोता, ४ ओहमला २५०, २ ओहमचा आकडा छापण्याची हिंमत असलेला अ‍ॅम्प बघा. ज्या कंपनीला आपल्या सप्लायची खात्री आहे, तीच तो आकडा छापते.

मोजपट्टी

२५० ला माझा विरोध नाही. ३ डेसिबलची सवड समजण्यासारखी आहे. माझा विरोध "झेपेल तेवढा मोठा" याला होता, आणि आता तुम्हीही आकड्यात बोलताय.

खर्ज

आकड्यात बोलतोय, पण २ ओहमच्या आकड्यावर अडून आहे. तुमच्या हिशेबात तो कुठेच नव्हता.

नवश्रोता

मित्राचे दोन स्टिरिओ अ‍ॅम्प आणतोय, ब्रिज न करता. एक ४ ओहमला १४० चा, दुसरा २६० चा. दोन्ही आळीपाळीने लावून ऐकणार.

जुना_सर्किटवाला

उत्तम. ऐकण्यापूर्वी तीच १२० हर्ट्झची लाट हळू आवाजात, या वेळी स्पीकर जोडलेले ठेवून वाजवा आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज दोन्ही अ‍ॅम्पवर सारखं करा, एक टक्क्याच्या आत. तेवढा आवाज मीटरवर जुळवल्याशिवाय तुलना करू नका, कानावर तर मुळीच जुळवू नका. अ‍ॅम्प बदलताना दोन्ही बंद करा, आणि तुम्हाला कोणता चालू आहे ते कळणार नाही अशा बेताने दुसऱ्या कुणाला तारा बदलायला सांगा. आधी नेहमीच्या आवाजात ऐका, मग वाद्यवृंदाची तीच जागा लावा जिथे रिसीव्हर बंद पडायचा.